वेगवर्धक वटी

गेले तीन महिने आमच्या घरी रोज रात्री साडेनऊला एका नाटकाचा प्रयोग होतो. तिकीट नाही, पास नाही, मध्यंतरात बटाटेवडाही नाही. प्रेक्षक दोनच. पहिल्या रांगेत आमचा नातू, आणि त्याच्या पाठीमागे, वर्तमानपत्र वाचत असल्याचा आव आणून, मी.

रंगमंच म्हणजे आमचा कॉम्प्युटर. नातू इंजिनिअरिंगच्या शिक्षणासाठी आमच्याकडे राहायला आला, तेव्हा त्याच्या अभ्यासासाठी म्हणून मी तो घेतला. घेतला म्हणजे एका स्नेह्यांचा मुलगा अमेरिकेला जाताना विकून गेला, तो आम्ही उचलला. स्नेही म्हणाले होते, "घरचाच समजा." अगदी घरचाच निघाला. सकाळी उठायला वेळ लावतो, काम सांगितलं की कुरकुरतो आणि तापला की कुणाचं ऐकत नाही.

तो आल्याबरोबर आमच्या हिने त्याला कव्हर शिवलं. आमच्या घरात कव्हर नाही अशी वस्तू नाही. टीव्हीला आहे, मिक्सरला आहे, फ्रिजच्या मुठीला आहे, रिमोटला प्लॅस्टिकचं आहे, आणि नोव्हेंबर ते फेब्रुवारी मलाही कानटोपी असते. कॉम्प्युटरच्या पेटीचं कव्हर मात्र खास. सोफ्याच्या उरलेल्या जाड कापडाचं, आतून रेक्झिनचं अस्तर आणि पुढच्या बाजूला भरतकामाचा मोर. सबंध पेटी त्यात गळ्यापर्यंत जाते.

अभ्यास आटोपला की तासभर खेळायचं, असा आमचा करार आहे. खेळाचं नाव जीटीए फाइव्ह. त्यात लोकांच्या मोटारी पळवायच्या असतात. आमच्या घराण्यात आजवर कुणी सायकलसुद्धा पळवलेली नाही; उलट आमच्याच दोन गेल्या. तेव्हा नातू तो जुना हिशेब पुरा करतोय असं समजून मी गप्प बसतो. अडचण एवढीच की त्याची मोटार पळत नाही. ती उचक्या देते. हातभर पुढे सरकते, थबकते आणि मग एकदम चौकापलीकडे प्रकट होते. संध्याकाळी सहाला लक्ष्मी रोडवरून मोटार नेण्याचाच अनुभव घ्यायचा, तर त्याला कॉम्प्युटर कशाला पाहिजे?

या उचक्यांवर उतारा म्हणून नातवाने एक 'बूस्टर' आणला. हा एक प्रोग्राम असतो. खेळ सुरू करण्याआधी तो चालवायचा, म्हणजे तो कॉम्प्युटरच्या अंगातला आळस झाडून काढतो, अशी त्याची जाहिरात. आमच्या आजीच्या बटव्यात एक काळी गोळी असे. ती पोट दुखलं तरी द्यायची आणि परीक्षेला जाताना हुशारी यावी म्हणूनही द्यायची. त्याच घराण्यातली ही वेगवर्धक वटी. तिचं नाव मी सांगत नाही. नाव घेऊन कुणाच्या पोटावर पाय आणायचा नाही हे एक. आणि एक काढून दुसरी टाकली तरी नाटक तेच असतं, हे मी एकामागून एक तीन पाहिल्यावर सांगतो आहे. मी जन्मात दोनशेवर नाटकं पाहिली आहेत, त्यातली निम्मी पैसे देऊन. त्या अधिकारात हे परीक्षण.

नेपथ्यापासून सुरुवात करू. नेपथ्य अप्रतिम आहे. काळाभोर पडदा, मधोमध मोटारीच्या वेगदर्शकासारखी गोल तबकडी, तिच्यात लाल काटा आणि खाली एकच बटण. बटण दाबलं की तबकडी उजळते, काटा थरथरतो, कुठूनतरी विमान उडाल्यासारखा घूंऽऽ असा आवाज येतो, आणि अक्षरं उमटतात: 'एकेचाळीस प्रक्रिया बंद केल्या. १.८ जीबी मेमरी मोकळी केली. तुमचा कॉम्प्युटर आता ३७ टक्के अधिक वेगवान आहे.' काय हा नेमकेपणा! आमचे डॉक्टर गेली वीस वर्षं मला "आता बरंय की" यापलीकडे काही सांगू शकलेले नाहीत. हा गडी दोन सेकंदांत ३७ टक्क्यांवर येतो. छत्तीस नाही, अडतीस नाही.

"३७ टक्के म्हणजे कशाचे रे?" मी पहिल्याच प्रयोगाला विचारलं.

"वेगाचे."

"कुठल्या वेगाचे? कशाशी तुलना करून?"

"आजोबा, ते तसंच लिहून येतं," नातू म्हणाला आणि मोटार पळवायला गेला. पहिली चारपाच मिनिटं मोटार खरोखरच छान पळाली. मग उचकी लागली.

संगीत आणि प्रकाशयोजनेला पैकीच्या पैकी गुण देऊन आपण कथानकाकडे वळू. कथानक तीन अंकी आहे आणि पहिला अंक सर्वांत रंगतो, कारण त्यात मेमरी मोकळी होते.

मेमरी म्हणजे कॉम्प्युटरचा ओटा, आणि डिस्क म्हणजे माळा. जिन्नस राहतात माळ्यावर, स्वयंपाक होतो ओट्यावर. आमची ही स्वयंपाकाला लागली की ओट्यावर मिसळणाचा डबा उघडा असतो, शेजारी कढीपत्ता, कोथिंबीर, गूळ, चिंचेचा कोळ. पाहणाऱ्याला वाटावं, काय हा पसारा! पण पसारा नसतोच तो. हात न्यावा तिथे वस्तू असते. मायक्रोसॉफ्टची मंडळीही हाच विचार करतात. २००७ साली बाजारात आलेल्या त्यांच्या व्हिस्टापासून विंडोज मोकळी मेमरी मुद्दाम भरून ठेवते. तुम्ही नेहमी काय मागता ते पाहून आधीच काढून ठेवते. ती जागा दुसऱ्या कुणाला खरोखर हवी असेल तर क्षणात रिकामी करून देते. रिकामी मेमरी ही काही बँकेतली शिल्लक नव्हे की तिच्यावर व्याज चढेल. ओटा रिकामा आहे याचा अर्थ स्वयंपाक चालू नाही, एवढाच.

आणि इथे आपला बूस्टर प्रवेश करतो. तो ओट्यावरचे डबे दिसेल त्या हाताने उचलतो आणि नजरेआड करतो. मग कमरेवर हात ठेवून म्हणतो, "बघा! १.८ जीबी मोकळी!" खोटं नाही हो. ओटा खरंच मोकळा दिसतो. पण तेल तापलेलं आहे, फोडणीची वेळ झाली आहे आणि मोहरी कुठे आहे? काही डबे ओट्याखालीच सरकवलेले असतात, ते पटकन सापडतात. काही थेट माळ्यावर गेलेले असतात, त्यांच्यासाठी शिडी लावावी लागते. तोवर तेल जळतं. कॉम्प्युटरच्या भाषेत यालाच उचकी म्हणतात. म्हणजे उचकीवरचं औषध स्वतःच दोनचार उचक्या देऊन जातं, आणि फीसुद्धा मागतं. (फुकटचा प्रयोग पंधरा दिवस. नंतर 'प्रो' घ्या. 'प्रो'मध्ये काटा आणखी जोरात थरथरत असावा.)

दुसऱ्या अंकात एकेचाळीस प्रक्रिया बंद होतात. यांतली बहुतेक पात्रं अशी की ती रंगमंचावर असली काय आणि विंगेत असली काय! छपाईयंत्राची वाट पाहत बसलेली एक सेवा असते. ती वाट पाहण्यापलीकडे काही करत नाही. तिला बंद केल्याने वेग वाढतो म्हणणं म्हणजे कचेरीतला झोपलेला शिपाई घरी पाठवल्याने फायली भराभर हलतील म्हणण्यासारखं आहे. शिवाय हा शिपाई हट्टी. पाठवला तरी काही वेळाने परत स्टुलावर येऊन झोपतो. मग एके दिवशी नातवाला प्रॅक्टिकलची जर्नल छापायची होती तर छपाई होईना. अर्धा तास शोध घेतल्यावर कळलं की आदल्या रात्री आम्ही ३७ टक्के वेगवान झालो होतो.

तिसऱ्या अंकात खेळाला 'उच्च प्राधान्य' मिळतं. म्हणजे त्याच्या मोटारीवर लाल दिवा लागतो आणि बाकीच्यांनी बाजूला व्हायचं. आपल्या सरकारने साहेबांच्या मोटारींवरचे लाल दिवे २०१७ साली उतरवले, ते बहुधा या मंडळींनी भंगारात घेतले असावेत. पण रस्ताभर दुसरी वाहनंच नसतील तर लाल दिव्याने काय साधतं? खेळ चालू असताना बहुतेक वेळा अडतं ते चित्रं काढणाऱ्या ग्राफिक्स कार्डापाशी. पूलच अरुंद असेल, तर दिवा लावून या नाहीतर बँड लावून या, पूल तेवढाच राहतो.

नाटकाला काही उपकथानकंही आहेत. ती घाईने आटोपतो. एकात 'रजिस्ट्री' स्वच्छ होते. रजिस्ट्री ही विंडोजची नोंदवही. तिच्यात लाखो नोंदी असतात, त्यातल्या काहीशे मेलेल्या नोंदी हा खोडतो. टेलिफोन डिरेक्टरीतून कैलासवासी झालेल्यांची नावं खोडल्यावर तुमचा फोन लवकर लागला असता का? खुद्द मायक्रोसॉफ्ट अशा सफाईवाल्यांची भलामण करत नाही. दुसऱ्या उपकथानकात इंटरनेटचा 'पिंग' कमी करण्याचं वचन आहे. म्हणजे तुम्ही बंदुकीचा चाप ओढल्याची बातमी खेळाच्या सर्व्हरपर्यंत जाऊन परत येण्याचा वेळ. सर्व्हर सिंगापुरात असला, तर मुंबईहून ते जवळजवळ ३,९०० किलोमीटर. काचेच्या तारेत प्रकाश सेकंदाला दोन लाख किलोमीटरच्या आसपास धावतो. जाऊन येऊन ३९ मिलिसेकंद झालेच, तेही सरळ रेषेत तार टाकली असती तर. बातमी आडवाटेने जात असेल, तर वाट बदलून देणाऱ्या सेवांचा उपयोग होतो. पण आमच्या टेबलावरचा बूस्टर बटण दाबून सिंगापूर जवळ आणतो म्हणतो, तेव्हा तो भूगोलाच्या मास्तरांच्या पोटावर पाय देतो.

आता कुणी म्हणेल, आजोबा, तुम्हांला नवीन काहीच चालत नाही. तसं नाही. मी या नाटकाचं मूळ संगीत रूप पाहिलेलं आहे.

आमच्या कचेरीत पहिला कॉम्प्युटर आला तो वातानुकूलित खोलीत, चपला बाहेर काढून दर्शन घ्यावा अशा थाटात. त्याच्या पेटीवर एक बटण होतं, 'टर्बो'. शेजारी लाल आकडे चमकत. साहेब आले की आमचे हेडक्लार्क ते बटण दाबून आकडा वाढवून दाखवत आणि साहेब "व्वा!" म्हणत. पुष्कळ वर्षांनी मला त्यातली गंमत कळली. आयबीएमचा १९८१ चा पहिला पीसी ४.७७ मेगाहर्ट्‌झवर चाले आणि त्या काळचे कित्येक खेळ त्याच चालीला बांधलेले होते. पुढे यंत्रं वेगवान झाली तेव्हा ते खेळ असे सुसाट धावू लागले की खेळाडू हलायच्या आत मरे. म्हणून यंत्राचा वेग *कमी* करण्याची सोय ठेवली. तिचं नाव टर्बो! आणि ते चमकणारे आकडे? ते काही मोजत नसत. पेटी जुळवणारा कारागीर आत लहान लहान पिना बसवून ठरवे, बटण दाबलं की अमुक आकडा, सोडलं की तमुक. त्याने मनात आणलं असतं तर तिथे साहेबांचा पगारही चमकला असता. आजच्या बूस्टरचा तो लाल काटा कुणाचा वंशज आहे, हे मला तरी त्या दिवशी उमगलं.

पण त्याच काळात काम करणाऱ्या वट्याही होत्या, हे सांगितलंच पाहिजे. डॉसच्या राज्यात यंत्रात मेमरी कितीही असो, प्रोग्रामांना मुख्य जागा ६४० केबीच. त्यात माऊसचा प्रोग्राम, आवाजाचा प्रोग्राम, सीडीचा प्रोग्राम आधीच सतरंजी टाकून बसलेले. खेळ दारात उभा राहून म्हणे, मला सहाशेच्या आसपास जागा पाहिजे, नाहीतर मी चाललो. अशा वेळी १९९३ च्या डॉस ६ बरोबर आलेला मेममेकर, किंवा त्याच्याही आधीचा क्यूएम्म, या पाहुण्यांना उचलून वरच्या पोटमाळ्यावर नेऊन बसवी. कुणाला हाकलत नसे. नीट जागा लावून देई. आणि खेळ चालू होई. आधी चालत नव्हता, आता चालतो: याला परीक्षकाची गरज लागत नाही. टंचाई खरी होती, म्हणून इलाजही खरा होता.

टंचाई ओसरली आणि इलाजवाले उरले. १९९५ साली अमेरिकेत सॉफ्टरॅम नावाची वटी निघाली. यंत्रात चार एमबी मेमरी आहे? पेटी विकत घ्या, आठ होतील. त्या वेळी मेमरी सोन्याच्या भावाने विकली जाई, त्यामुळे लोकांनी रांगा लावल्या. लाखांनी प्रती खपल्या. मग मार्क रसिनोविच आणि ब्राइस कॉग्सवेल या दोघांनी तो प्रोग्राम उसवून पाहिला. विंडोज ९५ साठीच्या प्रतीत मेमरी दाबून दुप्पट करण्याचं काम होतच नव्हतं. नेपथ्य होतं, काटे होते, आकडे होते. फक्त मेमरी तेवढीच. १९९६ मध्ये तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने कंपनीला ते दावे सोडायला लावले.

माझं सर्वांत आवडतं प्रकरण मात्र त्यानंतरचं आहे, आणि ते खेळाचं नसलं तरी नाट्यदृष्ट्या फार बांधीव आहे. ऑफिस डेपो या अमेरिकन दुकानमालिकेत लोक आपला कॉम्प्युटर तपासायला नेत. तपासणीआधी विक्रेता चार प्रश्न विचारी: हळू चालतो का, मधेच बंद पडतो का, नको त्या जाहिराती येतात का, व्हायरसचे इशारे येतात का. एकाही प्रश्नाला 'हो' म्हटलं आणि त्या चौकोनात खूण पडली, की तपासणीचा निकाल ठरला: दुखणं आहे किंवा त्याची लक्षणं आहेत! मधला जो काटा फिरे, पट्टी सरके, त्याचा निकालाशी संबंध नसे. मग दुरुस्तीचे शेकडो डॉलर. २०१९ साली त्या दुकानाने अडीच कोटी आणि प्रोग्राम पुरवणाऱ्या सपोर्ट डॉट कॉमने एक कोटी डॉलर भरून प्रकरण मिटवलं. मी हे वाचलं तेव्हा मला आमच्या गल्लीच्या तोंडाशी पोपट घेऊन बसणारे गृहस्थ आठवले. तेही आधी विचारत, "काही काळजी आहे ना मनात?" नसती, तर माणूस पोपटापाशी आला कशाला असता? फरक एवढाच की पोपटवाले पाच रुपये घेत आणि पोपट खरा असे.

असो. परीक्षकाने समतोल ठेवला पाहिजे. यंत्र अगदी दुबळं आहे, आठवड्यापूर्वी उघडलेली चाळीस पानं अजून ब्राउझरमध्ये उघडी आहेत आणि त्यावर खेळ सुरू केला, तर काही गोष्टी बंद केल्याने नक्की फरक पडतो. फक्त ते काम हातानेही होतं. शिवाय विंडोजमध्येच २०१७ पासून 'गेम मोड' म्हणून सोय आहे. ती खेळ चालू असताना विंडोजच्या अपडेटला मध्येच ड्रायव्हर बसवू देत नाही आणि खेळाला झुकतं माप देते. तिला काटा नाही, आवाज नाही. म्हणून तिचं कुणाला कौतुक नाही. सुनेसारखं.

एवढं सगळं मी एका रविवारी नातवाला ऐकवलं. मला वाटलं, तो वाद घालेल. तो म्हणाला, "बरोबर आहे, आजोबा." तरुण माणसाने इतक्या लवकर 'बरोबर आहे' म्हटलं की मला शंका येते.

"मग पुराव्यानिशी करू," मी म्हटलं. "एक रात्र वटी देऊन, एक रात्र वटीशिवाय. तीन-तीन फेऱ्या."

त्या खेळातच चाचणीची सोय आहे. दर वेळी तीच दृश्यं ठरल्या क्रमाने धावतात, त्यामुळे परीक्षा कॉपीमुक्त होते. आकडे दाखवायला नातवाने एमएसआय आफ्टरबर्नर लावला. हाही एक प्रोग्रामच, पण स्वभावाने अगदी उलट. कोपऱ्यात बारीक आकडे दाखवतो: सेकंदाला चित्रं किती, तापमान किती. कौतुक नाही, घूंऽऽ नाही. आमच्या शाळेतल्या गणिताच्या मास्तरांसारखा. तीस मिळाले तर तीस. मी पेन्शनच्या जुन्या वहीत रकाने आखले.

शनिवारी बूस्टर लावून: पहिली फेरी ५५, दुसरी ४१, तिसरी ३८. रविवारी बूस्टरशिवाय: ५५, ४१, ३८. मी वही उलटीसुलटी करून पाहिली. मग ध्यानात आलं. रोज रात्री नातू आधी बटण दाबायचा आणि मग खेळायला बसायचा. पहिली चारपाच मिनिटं मोटार छान पळायची, ती यंत्र ताजंतवानं असायचं म्हणून. पण हारतुरे बूस्टरच्या गळ्यात पडायचे. कोंबड्याने आरवून सूर्य काढावा तसं! आणि सरासरीत सगळं दिसतही नाही. सेकंदाला साठ चित्रं म्हणजे एका चित्राला सुमारे १७ मिलिसेकंद; पण आमच्या बसथांब्यावर दर दहा मिनिटांनी सरासरी एक बस येते, म्हणजे पन्नास मिनिटं एकही येत नाही आणि मग पाच येतात. उचकी असते ती या पन्नास मिनिटांत.

मग मी तापमानाचा रकाना वाचला. दोन्ही रात्री सुरुवात बावन्न अंशांपासून. पहिल्या फेरीअखेर नव्वदच्या वर. पुढे ९८, आणि तिथेच मुक्काम. कॉम्प्युटरचा प्रोसेसर इतका तापला की जीव वाचवायला आपणहून चाल मंद करतो, एवढं मीही वाचलेलं होतं.

"अरे, हा तापतोय!" मी ओरडलो. "ताप आलाय त्याला, आणि आपण त्याला पळायची गोळी देतोय! पण इतका का तापावा?"

नातू काही बोलला नाही. पेटीकडे पाहत राहिला. पेटीवर मोर होता.

"तुला माहीत होतं?"

"पहिल्या आठवड्यापासून." त्याने स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "आतून रेक्झिन आहे ना, आजोबा. मागचा पंखा गरम हवा फेकतो, ती तिथंच फिरते."

"मग खेळताना कव्हर काढून ठेवायचंस."

"आजी दूध घेऊन येते की मधेच. आणि आल्यावर आधी मोरावरनं हात फिरवते. दोन महिने बसली होती ती त्याला, चष्म्याचा नंबर वाढला असताना. म्हटलं, या बूस्टरनं भागलं तर बरं. एकानं नाही भागलं, म्हणून दुसरा आणला."

मी वही मिटली. वहीत मी बूस्टरवर विश्वास ठेवणाऱ्या भाबड्या तरुण पिढीबद्दल दोन चुरचुरीत वाक्यं आधीच लिहून ठेवली होती. ती खोडली.

त्याच वेळी ही दुधाचा पेला घेऊन आली. आमचे चेहरे पाहून तिने पेला टेबलावर ठेवला. "काय झालं?" मी काहीतरी सारवासारव करणार, तोच नातवाने रकान्यावर बोट ठेवून खरं काय ते सांगून टाकलं. ५५, ४१, ३८. बावन्न ते अठ्ठ्याण्णव. तिने पेटीवर तळवा ठेवला, आम्हां मुलांच्या कपाळावर ठेवावा तसा, आणि चटका बसून काढला.

"अगंबाई! तीन महिने? आणि तुम्ही दोघं इथं बसून शास्त्र सांगताय एकमेकांना? अहो, माझ्याशी बोलायला काय झालं होतं?"

कव्हर तिनेच ओढून काढलं. आत धुळीची अशी शाल पांघरलेली होती की कव्हर नसतं तरी त्या यंत्राला थंडी वाजली नसती. दुसऱ्या दिवशी नातवाने वायर काढून, रंगाचा जुना ब्रश घेऊन पंखे साफ केले. संध्याकाळी पुन्हा तीन फेऱ्या झाल्या: ५६, ५५, ५५. तापमान चौऱ्याहत्तरपर्यंत गेलं आणि थांबलं. दुकानात मेमरीचा भावही विचारून आलो होतो, लागली तर असावी म्हणून. २०२५ च्या अखेरीपासून ते भाव असे चढले आहेत की दुकानदार "काका, मागच्याच वर्षी यायचं होतं" एवढंच म्हणाला. ते आता राहिलं.

"मग बूस्टर काढला का रे?" मी विचारलं.

"असू दे, आजोबा. सुरुवातीचा आवाज चांगला आहे."

ही तोवर टेप घेऊन पेटीच्या मागे वाकली होती. "हवा कुठनं आत जाते, कुठनं बाहेर पडते, नीट दाखव बघू." नातवाने दाखवलं. तिने मोर एका हाताने धरून ठेवला, दुसऱ्याने माप घेतलं आणि दोऱ्याचं टोक दातात धरून म्हणाली,

"एवढंच ना? मोर राहू दे. मागचा गळा खोल घेते."